एकाच जहाजाची भावंडं

"मग हीच का ती कळी?" असे विचारत सलोमीने चादर खसकन ओढली.

चादरीखालून तिची आई निघाली. केझाया प्रॅट, वय अठ्ठावन्न, समोरचे दोन दात गायब, अंगात मागणीसाठी मुद्दाम शिवलेला निळा झगा. ओसरीवर हशाचा नुसता कल्लोळ झाला. फ्रीटाउनजवळच्या वेलिंग्टन गावात मागणी घालायला आलेल्यांना खरी मुलगी पहिल्या फटक्यात दाखवली तर त्या घराची किंमतच राहत नाही. आधी शेजारची सहा वर्षांची पोर बाहेर आणली होती, मग स्वयंपाकाला आलेली, दारातून आडवी होऊन शिरणारी मार्था. आता मुलीची आजी. पाहुण्यांनी प्रत्येक वेळी मान हलवायची, फुलाची तारीफ करायची आणि आपले फूल वेगळे आहे म्हणून सांगायचे, ही रीत.

मुलाची आत्या टॅबिथा रॉलिन्स केझायाभोवती एक चक्कर मारून आली. किनाऱ्यावरच्या केंट गावाहून पहाटे होडीने निघालेली बाई, पण तोंडाला थकवा नव्हता. "फूल झकास आहे हो. पण आमच्या पोराला आज उमललेलं हवंय. हे जरा परवाचं वाटतं."

"परवाचं असलं तरी वास टिकून आहे," केझाया म्हणाली. "पडसं तुमच्या नाकाला झालंय."

टॅबिथा स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसली. तिच्या मांडीवर मागणीचा तुंबा होता, वाळल्या भोपळ्याचे भांडे, पांढऱ्या फडक्यात बांधलेले. आत कोलाची फळे, अंगठी, बायबल, सुईदोरा, सगळे रीतसर. तिच्यामागे नाथानिएल रॉलिन्स बसला होता. तेवीस वर्षांचा, गळ्याशी घट्ट कॉलर, आणि नजर सारखी आतल्या दाराकडे. त्या दाराआड सलोमीची मुलगी, केझायाची नात फीबी नटून तयार बसली होती. दीड वर्ष ती दोघे रविवारच्या रविवार एकमेकांना पत्रे लिहीत होती. फीबीला आलेली पत्रे चोरून दुसऱ्याकडून कोण वाचून घेत होते हे आजीला ठाऊक होते, कारण घेणारी तीच होती.

मुलीकडच्या मोठ्या खुर्चीत जोनास कोकर बसला होता. फीबीचा बाप समुद्रात गेल्यापासून या घरात पुरुषमाणूस म्हणून जे काही बोलायचे ते तोच बोले. नात्याने केझायाचा भाऊ. एका आईचा नव्हे, एका जहाजाचा. पण वेलिंग्टनमध्ये ज्यांचे केस पिकले होते त्यांच्यात एका आईची भावंडे शोधूनही सापडली नसती. गुलामांच्या जहाजातून इंग्रजांच्या आरमाराने सोडवून आणलेल्यांना नाते म्हणून एकच गोष्ट उरली होती, ज्या जहाजातून आलो ते जहाज. एका जहाजाची ती भावंडे. त्यांची मुले ती चुलत-मामे भावंडे, आणि नातवंडेही तशीच. एकमेकांच्या घरी जेवायची, मेल्यावर एकमेकांना पुरायची, आणि आपसांत सोयरीक कधीही करायची नाहीत.

'पालोमिता' जहाजाची तेवीस माणसे वेलिंग्टनला आली होती. अठ्ठेचाळीस वर्षांनी चौघे उरली, त्यातली दोघे अंथरुणाला खिळलेली. जोनास त्यांचा म्होरक्या आणि केझाया त्यांची सगळ्यांत धाकटी. जोनास तिला बारकी म्हणे. नातवंडे झाली तरी बारकी.

"फूल देऊ हो," जोनास घसा खाकरून म्हणाला. "पण आधी झाड तर कळू दे. फांदी बघून फूल दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको."

टॅबिथा याचीच वाट बघत होती. ती उभी राहिली, झगा सारखा केला आणि सांगू लागली. मुलाचा बाप केंटच्या देवळात घंटा वाजवतो. आई माशांचा धंदा बघते. मुलगा बंदरावर कारकून. "आणि आजा म्हणजे माझा बाप, पीटर रॉलिन्स. देव त्याला शांती देवो. राजाच्या फौजेत शिपाई होता. गँबियाला सोळा वर्षं काढली, मग केंटला जमीन मिळाली. आणि मोठ्या मानानं सांगते, उतरला होता तो पालोमिता जहाजातून."

जोनासच्या हातातली काठी खाली पडली. कुणी उचलली नाही.

"कुठल्या?"

"पालोमिता. का हो?"

"घरचं नाव काय त्याचं? आपल्या भाषेतलं?"

"अकिन," टॅबिथा म्हणाली. तिच्या आवाजातली ऐट एकदम ओसरली. "उजव्या घोट्यावर बेडीची खूण होती. कधी पायमोजा काढायचा नाही."

"उजव्या," जोनास म्हणाला. त्याने आपल्या विजारीचा डावा पाय वर केला. सगळ्यांना माहीत असलेली खूण सगळ्यांनी पुन्हा पाहिली. "एकच बेडी होती. त्याचा उजवा, माझा डावा. मी पंधरा वर्षांचा, तो मोठा. ढकलाढकली झाली की तो मला म्हणायचा, तू झोप, मी पाय हलवणार नाही." त्याने विजार पुन्हा खाली सोडली. "फ्रीटाउनला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी धडधाकट गडी वेगळे काढून फौजेत नेले. तो मेला असंच आम्ही समजत होतो. दरवर्षी त्याच्या नावानं पाणी सोडतो मी!"

तो उठला, ओसरी ओलांडून गेला आणि नाथानिएलला त्याने असे काही मिठीत घेतले की पोराची कॉलर सुटली. टॅबिथा रडू लागली. मार्था रडू लागली. सलोमी हसत-रडत आईला म्हणाली, "बघितलंस का आई, म्हणजे घरातच—"

आणि तिचे वाक्य तिथेच राहिले.

केझायाला ते आधीच कळले होते. टॅबिथाने जहाजाचे नाव घेतले तेव्हाच. आता ते एकेकाच्या चेहऱ्यावर येताना ती बघत राहिली. सर्वांत शेवटी जोनासच्या चेहऱ्यावर आले. मिठी सैल झाली. त्याने नाथानिएलच्या खांद्यावरचा हात काढला नाही, पण तो मटकन बाकावर बसला.

"टॅबिथाबाई," तो म्हणाला, "या मुलीची आजी माझी बहीण आहे. पालोमिताचीच. आमच्यातली सगळ्यांत बारकी."

टॅबिथाने तुंबा पोटाशी घट्ट धरला. "म्हणजे ही पोरं..."

"भावंडं आहेत."

ओसरीवरची सगळी माणसे एकदम बोलू लागली.

सलोमीचे म्हणणे सरळ होते. प्रार्थनेच्या पुस्तकात मागच्या पानावर तक्ता आहे, कुणी कुणाशी लग्न करू नये याचा. त्यात आजी आहे, सावत्र आई आहे, बायकोची भाची आहे. जहाज नाही. "देवळाला चालतंय मामा, मग आपल्याला का चालू नये?"

"तो तक्ता लिहिणाऱ्यांना काका-मामा होते," जोनास म्हणाला. "आम्हाला कोण होतं? आई कुठं विकली गेली ठाऊक नाही. गावाचं नाव सांगावं तर लिहून घेणाऱ्याला लिहिता येईना. आम्ही काय केलं? आम्ही म्हटलं, हे जहाज आपली आई. शिवी आहे ती, पण म्हटलं. त्यावर उभं राहिलंय हे सगळं. तुझी आई बाळंतपणात जायची राहिली तेव्हा रात्रंदिवस कोण बसलं होतं? पालोमिताच्या बायका. हे घर जळलं तेव्हा भिंती कुणी उभ्या केल्या?"

"तुम्ही केल्यात. नाही कोण म्हणतंय?"

"मग आज मला सांगू नकोस की ते सगळं खोटं नातं होतं."

सलोमीला वाटले होते की टॅबिथा तरी आपली बाजू घेईल. पण टॅबिथाने मान हलवली. "बाई, मलाही पोराचं वाईट वाटतंय. पण माझा बाप असता तर तोही हेच म्हणाला असता. केंटला आम्ही तोंड कसं दाखवायचं? बहीण घरात आणली म्हणतील."

"आत्या!" नाथानिएल पहिल्यांदाच बोलला. "मी या लोकांना आज पहिल्यांदा बघतोय."

"म्हणून काय झालं? मी तुझ्या आजोबांना तीस वर्षं बघितलं." टॅबिथाने तुंब्याचे फडके पुन्हा आवळून बांधायला घेतले.

केझाया उठली आणि आतल्या खोलीत गेली.

फीबी पलंगाच्या कडेला बसून कानातले काढत होती. तिने सगळे ऐकले होते. फळ्यांच्या घरात न ऐकण्याची सोय नसते. ती रडत नव्हती. एक कानातले हातात होते, दुसरे निघत नव्हते.

"राहू दे ते," केझाया म्हणाली. "कान फाटेल."

"आजोबा ऐकणार नाहीत ना?"

"नाहीत."

"तू सांगितलंस तर? तुझं ऐकतात ते."

"यात नाही ऐकणार. यात त्याचं सगळं आयुष्य आहे."

फीबीने कानातले एकदाचे ओढून काढले. "तुला दुसरं जहाज मिळालं नाही का गं यायला?" ती चिडून म्हणाली. "इतकी जहाजं पकडली त्यांनी! त्या एकातच कशाला चढलीस?" आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिने तोंडावर हात ठेवला. "चुकलं आजी. तू कुठं चढली होतीस. चुकलं माझं."

केझाया तिच्या शेजारी बसली. तिला हसू येत होते. अठ्ठेचाळीस वर्षांत कुणी तिला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

दरवर्षी पकडीच्या दिवशी, म्हणजे आरमाराने जहाज पकडले त्या तारखेला, पालोमिताची माणसे एकत्र जेवत, आणि जेवण झाले की पकडीची गोष्ट व्हायची. ती केझायाने सांगायची, असे ठरूनच गेले होते. दोन दिवस पाठलाग चालला, कप्तानाने जहाज हलके व्हावे म्हणून पाण्याची पिंपे समुद्रात फेकली, खोटे निशाण चढवले, मग तोफेचा गोळा आला आणि मागची डोलकाठी आडवी झाली. जहाजाच्या तळावरचे झाकण उघडले तेव्हा लाल मिशांचा एक खलाशी आत डोकावला आणि वासाने तिथेच ओकला. तिथे सगळे हसत. केझाया त्या खलाशाची नक्कलसुद्धा करून दाखवी. जोनास म्हणायचा, मी खाली अंधारात होतो, मला काही दिसलं नाही, पण बारकीनं सांगितलं की मला सगळं दिसतं.

बारकीने त्यातले काहीही पाहिले नव्हते. ती हॅना, बेट्सी अशा पालोमिताच्या बायकांकडून तुकड्या-तुकड्याने ऐकून शिकली होती. ज्याने पाहिलेले असते तो अडखळतो; ती कधीच अडखळली नाही.

तिचे जहाज लहान होते आणि त्याचे नावही तिला माहीत नव्हते. वारा पडला होता. आरमाराचे खलाशी होड्या वल्हवत आले, कुणी गोळी झाडली नाही, कप्तान जेवत होता तो जेवण पुरे करूनच उठला. सुटका झाली असे ज्याला म्हणतात ते त्या दिवशी झाले. त्यानंतर त्याच जहाजातून फ्रीटाउनला पोचायला सात आठवडे लागले. बंदरात पोचल्यावर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत आणखी नऊ दिवस कुणाला खाली उतरू दिले नाही. सुटका झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसे सुटकेनंतर मेली. तिची भाषा बोलणाऱ्या दोघी होत्या, त्याही त्यातच गेल्या. सुटलेल्यांना ठेवायच्या सरकारी आवारात उतरवले तेव्हा दहा वर्षांच्या त्या पोरीशी बोलू शकेल असे तिच्या जहाजात कुणी उरले नव्हते. गळ्यात पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर आकडा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवाराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई तावातावाने म्हणाली, "या भातात मीठ कुणी घालायचं, माझ्या सासूनं?" तिच्या भाषेत म्हणाली. पोर भाताचे पान तिथेच टाकून त्या आवाजाकडे धावत सुटली.

ती बाई हॅना. पालोमिताची. हॅनाच्या मांडीवर आयना नावाची पोर तापाने फणफणलेली होती, आणि दुसऱ्या सकाळी ती मेली. तिचे म्हणून त्या जहाजात कुणी नव्हते. हॅनाने इकडेतिकडे बघितले, मेलेलीच्या गळ्यातला बिल्ला काढून जिवंत पोरीच्या गळ्यात घातला, हिचा तिच्या गळ्यात. "आता तू आमची," ती म्हणाली, "आणि याबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही." दुपारी पालोमिताचे आकडे पुकारून माणसे वेलिंग्टनला निघाली. रस्त्यात पोरीचे पाय सुजले तेव्हा पंधरा वर्षांचा एक मुलगा स्वतः लंगडत असूनही तिला पाठुंगळीला घेऊन चालला. केझायाच्या खऱ्या आकड्यापुढे सरकारी वहीत काय लिहिले असेल हे सांगायला नको. वहीप्रमाणे ती मेलेली होती.

हॅनाने तोंड उघडले नाही आणि उघडू दिले नाही. हॅना जाऊन एकवीस वर्षे झाली. आता हे जगात एकट्या केझायाला ठाऊक होते, आणि तिने ते असेच बरोबर न्यायचे ठरवले होते. तिला स्वर्गाची फारशी चिंता नव्हती. तिला चिंता होती ती आपल्या शवपेटीला खांदा कोण देईल याची, आणि ते ठरलेले होते.

"ते दुसरं कानातलं घाल," ती फीबीला म्हणाली.

"कशाला?"

"घाल म्हणते ना."

बाहेर नाथानिएल आत्याशी हुज्जत घालत होता आणि सलोमी नुसतीच उभी होती. केझाया जोनासच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. तो आपल्या जागेवर परत येऊन बसला होता.

"दादा, मी पालोमिताची नाही."

तिने सगळे सांगितले. भात, हॅना, आयना, बिल्ला. गोष्ट सांगण्यात हातखंडा असलेली केझाया या वेळी सारखी अडखळत होती, मागे जात होती, "नाही, आधी ताप आला, मग" असे म्हणत होती. सलोमीचे तोंड उघडे राहिले. टॅबिथाचे हात तुंब्याच्या गाठीवर थांबले.

जोनासने शेवटपर्यंत ऐकले. मग तो हळूच हसला. "नातीसाठी तू काय काय करशील बारके."

"खरं सांगतेय."

"मागची डोलकाठी पडली तेव्हा तू ओरडलीस, ते बेट्सीनं ऐकलं होतं."

"बेट्सीनं आयनाला ऐकलं असेल. अंधारात कोण पोर ओरडली कुणाला माहीत? मी नव्हते तिथं. लाल मिशांचा खलाशी मी बघितला नाही, दादा. मी कधीच बघितला नाही."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि त्याचे हसू हळूहळू मावळले. त्याला पटले होते. केझायाला वाटले, झाले. आता तो ओरडेल, खोटारडी म्हणेल, आणि संपेल. त्याची तिने तयारी केली होती.

तो ओरडला नाही. त्याने तिचा हात हातात घेतला.

"बरं," तो म्हणाला. "नव्हतीस. मग काय झालं? मी तुला पाठुंगळीला घेतलं ते बिल्ला वाचून घेतलं होतं का? मला कुठं वाचता येत होतं! एका पानात जेवलो आपण. तुझ्या लग्नात मी उभा राहिलो, तुझ्या नवऱ्याला मी पुरलं. कुठल्या का जहाजातून येईनास, तू माझी बहीण आहेस. तिथं बस आता."

ओसरीवरच्या बायकांनी डोळे पुसले. मार्था तर हुंदके देऊ लागली. किती मोठ्या मनाचा माणूस, असे प्रत्येकीच्या तोंडावर होते.

केझायाही रडली असती. पण दाराच्या फटीत फीबी उभी होती, दोन्ही कानांत कानातली घातलेली, आणि तिलाही कळले होते. बहीण ती बहीणच राहिली, म्हणजे भावंडे ती भावंडेच राहिली. हा माणूस इतका चांगला होता की त्याच्या चांगुलपणातून बाहेर पडायला वाटच नव्हती.

केझायाने हात सोडवून घेतला.

"मिस्टर कोकर," ती म्हणाली.

जोनासने असे वर पाहिले की जणू मागे कुणी दुसराच कोकर उभा आहे.

"तुम्ही फार केलंत माझ्यासाठी. मी घेतलं, कारण मला लागत होतं. घर जळलं होतं, घर पाहिजे होतं. नवरा मेला होता, खांदेकरी पाहिजे होते. त्या दिवशी आवारात हॅनाऐवजी दुसरं कुणी माझ्या भाषेत बोललं असतं ना, तर मी त्यांच्यामागे गेले असते. तुम्ही कोण, कुठले, बघितलंही नसतं मी."

"आई!" सलोमी म्हणाली.

"तू गप्प बस. मला भाऊ नाही, मिस्टर कोकर. होता, तो मला पकडून नेलं त्याच दिवशी मारला त्यांनी. त्याच्यानंतर मी कुणाला भाऊ केलं नाही. तुम्ही मानत होतात, ते तुमचं तुम्ही." तिचा आवाज कुठेही चिरकला नाही. नंतर सलोमी म्हणत असे की आईच्या जिभेवर त्या दिवशी कोण बसले होते देव जाणे. "माझ्या घरच्या लग्नात हो-नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. त्या खुर्चीत बसायचाही नाही."

बोललेले सगळेच खोटे असते तर तिला ते बोलणे इतके जड गेले नसते. हॅनाच्या आवाजाबद्दलचे खरे होते. ज्याच्या तोंडून आपली भाषा येईल त्याच्यामागे ती खरोखरच गेली असती. त्यानंतरचे सारे खोटे होते, आणि कोणते कुठे संपते हे जोनासला कळू नये एवढीच तिची प्रार्थना होती. कळले असते तर तो उठला नसता.

तो उठला. काठी हाताला लागेना, ती नाथानिएलने उचलून दिली. जोनासने ती घेतली, टोपी घेतली आणि पायऱ्यांकडे निघाला. सलोमीने "मामा, मामा" म्हणत त्याची बाही धरली, ती त्याने सोडवली. सगळ्यांना वाटले तो गेला. केझायालाही वाटले, आणि ती रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिली.

पायरीशी तो थांबला. तिथे नाथानिएल उभा होता, काठी देऊन मोकळा झालेला, काय करावे न कळून. जोनासने त्याच्याकडे पाहिले. मग खाली त्याच्या पायांकडे पाहिले, बराच वेळ. मग तो वळला आणि पाहुण्यांच्या बाकावर, टॅबिथाच्या शेजारी, जाऊन बसला.

"सरक जरा पोरी," तो म्हणाला. "तुझ्या बापाचा भाऊ आहे मी. अकिन असता तर मागणी त्यानं घातली असती. तो नाही, तेव्हा मी घालतो. तुंबा आण इकडे."

"पण काका, ते नातं..."

"कसलं नातं? ऐकलं नाहीस का? त्या बाई आपल्या कुणी नव्हेत." तो हे टॅबिथाशी बोलला आणि बघत राहिला समोरच्या भिंतीकडे. "परके लोक आहेत. परक्यांतच मुलगी बघतात."

टॅबिथाने एकदा केझायाकडे पाहिले. केझायाने मान हलवली. टॅबिथाने गाठ सोडली आणि तुंबा म्हाताऱ्याच्या हातात दिला.

जोनास तो घेऊन उभा राहिला. ओसरी चार पावलांची, ती ओलांडायला त्याला वेळ लागला. केझायासमोर येऊन त्याने टोपी काढली. अठ्ठेचाळीस वर्षांत त्याने तिच्यासमोर कधी टोपी काढली नव्हती.

"विहीणबाई," तो म्हणाला, "आमच्या अकिनच्या नातवाला तुमची मुलगी द्या. आम्ही तिला नीट सांभाळू."

तिने दोन्ही हातांनी तुंबा घेतला. तो अपेक्षेपेक्षा जड होता. तिला काहीतरी बोलायचे होते, पण सोयऱ्यांसमोर बोलण्यासारखे त्यात काही नव्हते. "दिली," ती म्हणाली. "फीबी, बाहेर ये."

फीबी आली आणि पुन्हा कल्लोळ झाला. मार्थाने गाणे काढले, नाथानिएलची कॉलर दुसऱ्यांदा सुटली, टॅबिथाने ठणकावून सांगितले की हेच ते फूल. सलोमी आईशी काही बोलली नाही; ते बोलणे व्हायला पुढे दोन वर्षे लागली. आल्याचे सरबत आले, तळलेली केळी आली, पालेभाजी आणि भात आला.

जोनास रोज या घरी यायचा तेव्हा थेट चुलीशी जाई, भांड्यावरचे झाकण स्वतः उचली, आणि मीठ कमी आहे म्हणून ओरडे. आता तो पाहुण्यांच्या बाकावर गुडघे जुळवून, टोपी मांडीवर ठेवून बसला होता. केझायाने स्वतः त्याचे ताट वाढले आणि त्याच्यापुढे धरले.

"घ्या ना," ती म्हणाली. "संकोच करू नका."

"अगदी थोडं," जोनास म्हणाला. "इतकं नको. आम्ही घरून खाऊन निघालोय."